कोल्ह्याची गोष्ट कुणाची?

गेल्या पावसाळ्यातला प्रसंग. सातवीचे वर्गशिक्षक रजेवर असल्याने वर्गाला ऑफ तास होता. अशा वेळी मुख्याध्यापकाने स्वतः वर्गावर जाऊन बसावे, ही आमच्या पिढीची रीत. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या दप्तरांचा वास, आणि त्यात मी व्याकरण काढले असते तर तो अन्याय ठरला असता. म्हणून गोष्ट काढली. पिंजऱ्यात अडकलेला वाघ, त्याची दया येऊन दार उघडणारा भाबडा ब्राह्मण, सुटताच त्यालाच खायला निघालेला वाघ, आणि शेवटी न्याय द्यायला आलेला कोल्हा. 'तू नक्की कुठे होतास, मला काही समजत नाही बुवा,' असे म्हणत कोल्हा वाघाला परत पिंजऱ्यात जायला लावतो आणि कडी घातली जाते, तिथे वर्ग हसला.

हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, ही आमच्या अज्जीची गोष्ट. ती कन्नडातून सांगते." लगेच दुसरा म्हणाला, त्याची आई बारदेशची, ती हीच गोष्ट कोंकणीतून सांगते. तिसऱ्याच्या घरी उर्दू. त्याच्या नानीच्या गोष्टीत ब्राह्मणाच्या जागी वाटसरू होता, पण कोल्हा तोच. मग वर्गात वाद सुरू झाला. गोष्ट मुळात कुणाची? मराठी, कन्नड, कोंकणी की उर्दू? वाद वाढला तसे सगळे डोळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मुलांनो, ही गोष्ट आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकालाही सांगतात. तिथे वाघ नाही, साप आहे. पण न्याय देतो तो कोल्हाच." वर्ग गप्प झाला. तेवढ्यात घंटा झाली आणि माझी सुटका झाली. माझे उत्तर मात्र अर्धेच राहिले होते. उरलेले अर्धे आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

टेबल माउंटनच्या पायथ्याशी

६ एप्रिल १६५२ रोजी यान फान रिबेक हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, टेबल बे नावाच्या उपसागरात उतरला. वसाहत करावी असा कंपनीचा विचार नव्हता. हॉलंडहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, जाणाऱ्या जहाजांना वाटेत ताजे पाणी, भाजी आणि मांस मिळावे, एवढ्यासाठी तो थांबा. हीच ती कंपनी, जिची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. व्यापाऱ्याच्या नकाशावर केप आणि कोकण हे एकाच दोरीत ओवलेले मणी होते.

केपला माणसे आधीपासून होतीच. गुरे-मेंढ्या पाळणारे खोइखोई आणि शिकार करून राहणारे सान. युरोपीय लोक पहिल्यांना हॉटेंटॉट आणि दुसऱ्यांना बुशमन म्हणत. यातला पहिला शब्द आज शिवी मानला जातो. जुन्या पुस्तकांच्या नावांत तो येतो म्हणूनच इथे लिहावा लागतो. कंपनीच्या शेतकऱ्यांनी हळूहळू खोइखोईंची चराऊ राने घेतली, १७१३ च्या देवीच्या साथीत त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या बसल्या, आणि जे उरले त्यांतले पुष्कळजण गोऱ्यांच्या मळ्यांवर गुराखी, गाडीवान आणि घरगडी झाले.

त्यांच्याबरोबर कामाला होते ते गुलाम. सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८०८ मध्ये गुलामांची आयात बंद होईपर्यंत साठ हजारांच्या आसपास माणसे केपला विकत आणली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती आली मादागास्करहून, मोझांबिकहून, आजच्या इंडोनेशियातील बेटांवरून आणि भारतातून. भारतातून आलेल्यांचा वाटा सुमारे चौथा हिस्सा होता. बंगाल, कोरोमंडल आणि मलबार या किनाऱ्यांवरची ही माणसे. त्यांतली एक अँजेला. तिचे मूळ नाव कुणाला ठाऊक नाही. कागदोपत्री ती 'बंगालची अँजेला'. फान रिबेकच्या स्वतःच्या घरी ती राबत होती. १६६६ मध्ये तिला मुक्ती मिळाली, १६६९ मध्ये तिने एका डच माणसाशी लग्न केले, आणि आज स्वतःला अस्सल गोरे समजणाऱ्या कितीतरी आफ्रिकानेर घराण्यांच्या वंशवेलीत ती पणजीची पणजी म्हणून बसलेली आहे.

मळ्यावरच्या स्वयंपाकघरात मलायी बोलणारी, बंगाली बोलणारी, मोडकी पोर्तुगीज बोलणारी आणि खोइखोई भाषा बोलणारी माणसे एकत्र आली. मालकाची भाषा डच. या सर्वांनी मिळून ती आपल्या जिभेला वळेल तशी वाकवली. क्रियापदांचे प्रत्यय झडले, लिंगभेद गेला, नवे शब्द आले. 'पुष्कळ' याला 'बाये' आणि केळ्याला 'पीसांग' हे शब्द मलायीतून आले. या स्वयंपाकघरातल्या डचचे पुढे नाव पडले आफ्रिकान्स. आणि त्या स्वयंपाकघरात मालकाची मुले सांभाळणाऱ्या बाईला काय म्हणत? 'आया'. आपल्याकडे रूढ असलेलाच शब्द, त्याच पोर्तुगीज वाटेने तिकडे गेलेला. म्हाताऱ्या गड्याला म्हणत 'ओउता'. कोल्ह्याच्या गोष्टी सांगणारी माणसे ती हीच, आया आणि ओउता.

याकाल्स आणि वोल्फ

आफ्रिकान्स भाषेत वाढलेल्या कुठल्याही मुलाला दोन नावे पाळण्यापासून ठाऊक असतात: याकाल्स आणि वोल्फ. म्हणजे कोल्हा आणि लांडगा. गंमत अशी की दक्षिण आफ्रिकेत लांडगा हा प्राणीच नाही. डच लोक आले तेव्हा त्यांना रात्री ओरडणारे, मढी उकरणारे तरस दिसले. तरसाला त्यांच्या भाषेत शब्द नव्हता, म्हणून त्याला ते वोल्फ म्हणू लागले. तसेच तिथे वाघही नाही, पण बिबट्याला वाघाचे नाव मिळाले. परक्या मुलखात गेलेला माणूस ओळखीच्या नावांची चादर अनोळखी वस्तूंवर पांघरतो, ती ही अशी. तेव्हा पुढच्या गोष्टींत वोल्फ आला की वाचकांनी तरसच समजावे.

आता 'याकाल्स' शब्दाकडे पाहा. डचमध्ये तो 'याखाल्स'. युरोपात तो आला तुर्कीतून, तुर्कीत फारसी 'शगाल'मधून, आणि फारसी शगालाची सोयरीक व्युत्पत्तिकार जोडतात ती आपल्या संस्कृत 'शृगाला'शी. नावापुरता तरी हा प्राणी आपल्या गोत्राचा. गोष्टींचे गोत्र मात्र इतके सरळ नाही. आधी गोष्टीच ऐकू या.

समुद्रकाठाहून मासळीने भरलेली बैलगाडी येत असते. याकाल्स मागून चढायचा प्रयत्न करतो, जमत नाही. मग तो पुढे धावत जाऊन रस्त्यात मेल्यासारखा पडतो. बैलांपुढे चालणारा पोऱ्या ओरडतो की, तुमच्या बायकोला पांघरायला छान कातडे मिळाले! गाडीवान म्हणतो, टाक गाडीत. याकाल्स गाडीत पडल्या पडल्या एकेक मासा रस्त्यावर टाकत जातो आणि शेवटी स्वतः उडी मारतो. मागून आलेला वोल्फ त्यातले बरेचसे मासे गट्ट करतो. याकाल्स रागावतो, पण दाखवत नाही. उलट प्रेमाने सांगतो, तूही असेच कर. फक्त लक्षात ठेव, काही झाले तरी हलायचे नाही. वोल्फ रस्त्यात पडतो. गाडीवान त्याला पाहतो. असले घाणेरडे कातडे कुणाला हवे? तो लाथ घालतो, काठीने बडवतो. वोल्फ मात्र उपदेश आठवून निपचित पडून मार खातो. ही गोष्ट सर जेम्स अलेक्झांडर या प्रवाशाने आपल्या १८३८ च्या प्रवासवर्णनात नोंदवली आहे, म्हणजे त्याआधी ती तिथे नक्कीच रुळलेली होती.

दुसरी गोष्ट लोण्याच्या पिंपाची. याकाल्स आणि वोल्फ भागीदारीत लोण्याचे एक पिंप जपून ठेवतात. थोड्या दिवसांनी याकाल्सला बारशाचे बोलावणे येते. परत आल्यावर वोल्फ विचारतो, बाळाचे नाव काय ठेवले? 'सुरुवात.' पुढे दुसरे बारसे, नाव 'निम्मे'. मग तिसरे, नाव 'तळ'. वोल्फला नावे चमत्कारिक वाटतात, पण संशय येत नाही. पिंप रिकामे निघाल्यावर याकाल्स म्हणतो, आपण दोघेही उन्हात झोपू. ज्याने लोणी खाल्ले असेल त्याच्या अंगातून ते पाझरेल. वोल्फ झोपतो, याकाल्स पिंपाच्या कडेचे उरलेसुरले लोणी त्याच्या तोंडाला फासतो, आणि जागे झाल्यावर वोल्फला स्वतःलाच वाटू लागते की झोपेत आपणच खाल्ले असावे.

तिसरी गोष्ट जरा मोठी आहे आणि मला सर्वांत आवडते. भयंकर दुष्काळ पडतो. सिंह सर्व प्राण्यांना बोलावून तळे खणायला लावतो. सगळे राबतात, फक्त याकाल्स म्हणतो की माझी नखे मी असल्या कामाला झिजवणार नाही. पाऊस पडून तळे भरते आणि पहाटे सर्वांत आधी पाणी पिऊन, वर त्यात अंघोळ करून, याकाल्स पाणी गढूळ करून जातो. पहाऱ्यावर बसवलेल्या वानराला मधाची लालूच दाखवून तो बांधून ठेवतो आणि बडवतो. शेवटी कासव पुढे येते. ते आपल्या पाठीवर मधाच्या पोळ्याचा चिकट काळा लेप फासून घेते आणि पाण्याच्या कडेला दगडासारखे पडून राहते. याकाल्स येतो, पाय ठेवायला बरा दगड मिळाला म्हणून त्यावर पाय देतो, आणि चिकटतो. एक पाय सोडवायला दुसरा मारतो, तोही चिकटतो.

सिंहापुढे न्याय होतो आणि शिक्षा ठरते देहान्ताची. याकाल्स म्हणतो, मान्य. फक्त मारायची रीत मी सांगतो तशी असू द्या. माझी शेपटी भादरा, तिला चरबी लावा, मग तिला धरून मला गरगर फिरवा आणि दगडावर आपटा. मारेकरी म्हणून वोल्फ पुढे येतो. चरबी लावलेली शेपटी हातातून सटकते, याकाल्स पसार! सिंह पाठलाग करतो. याकाल्स एका पुढे झुकलेल्या कड्याखाली शिरतो आणि मागच्या पायांवर उभा राहून कड्याला खांदा लावून ओरडतो, "महाराज, धावा! कडा कोसळतोय, आपण दोघेही चिरडू!" सिंह घाबरून खांदा देतो. याकाल्स म्हणतो, आपण धरून ठेवा, मी टेकू द्यायला लाकूड घेऊन येतो. तो काही परत येत नाही.

या गोष्टीच्या शेवटाला माझा वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

गोत्र शोधताना

या गोष्टी आल्या कुठून? पहिले उत्तर: युरोपातून. मासळीच्या गाडीची गोष्ट बाराव्या शतकातील फ्रेंच काव्यचक्रात रेनार नावाच्या खोकडाच्या नावावर आहे. तेराव्या शतकात विलेम नावाच्या कवीने याच खोकडावर मध्ययुगीन डचमध्ये काव्य रचले, आणि त्या परंपरेतला गद्य ग्रंथ १४७९ मध्ये हॉलंडमधील गौडा येथे छापला गेला. डच खलाशी आणि शेतकरी केपला आले ते हा खोकड डोक्यात घेऊनच आले असणार. लोण्याच्या पिंपाची गोष्ट ग्रिम बंधूंच्या संग्रहात अगदी सुरुवातीला आहे. तिथे पात्रे मांजर आणि उंदीर. बारशाच्या थापा आणि विचित्र नावे मात्र तीच.

दुसरे उत्तर आपल्याला आवडणारे: भारतातून. करटक आणि दमनक हे पंचतंत्रातले दोन कोल्हे सहाव्या शतकात फारसी दरबारात गेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यांना अरबीत नेले, पुढे ते लॅटिनमध्ये आणि साऱ्या युरोपात पसरले. चिकटून बसण्याची कल्पनाही जुनी आहे. पंचावुध जातकात चिकट केसांच्या राक्षसाला राजपुत्राचे हात, पाय आणि शेवटी डोकेही चिकटते. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या ज्या गोष्टी जोएल चँडलर हॅरिसने १८८० च्या सुमारास छापल्या, त्यांत ससा डांबराच्या बाहुलीला असाच चिकटतो. १८५९ मध्ये थिओडोर बेन्फे या जर्मन पंडिताने पंचतंत्राचे भाषांतर करताना युरोपातील बहुतेक लोककथांचे उगमस्थान भारत आहे असा सिद्धान्त मांडला, तेव्हा आपल्याकडच्या सुशिक्षितांची छाती फुगली. त्यात नवल नाही. पण पुढच्या अभ्यासकांनी तो सिद्धान्त जसाच्या तसा स्वीकारला नाही. सारखेपणा दिसला की आपल्याकडूनच गेले असे म्हणण्याची आपल्याला जी खोड आहे, तिला जरा आवर घालावा लागतो. प्राण्यांच्या नावाने माणसांची थट्टा करण्याची बुद्धी कुठल्याही एका देशाच्या मालकीची नाही.

म्हणून तिसरे उत्तर: तिथल्याच मातीतून. याकाल्सच्या पाठीवर काळा पट्टा का असतो? नामा लोक सांगतात की, सूर्य एकदा रस्त्याकडेला बाळासारखा बसला होता. एवढे गोजिरवाणे मूल मागे ठेवून लोक गेले तरी कसे, असे म्हणत याकाल्सने त्याला पाठीवर बांधले. पाठ पोळू लागली तसा तो म्हणाला उतर, पण सूर्य चिकटला तो सुटेना. तेव्हापासून पाठ काळी. ही कथा ना रेनारची, ना पंचतंत्राची. काळ्या पाठीचा तो कोल्हा रोज पाहणाऱ्या माणसालाच ती सुचावी.

जर्मन अभ्यासिका सिग्रिड श्मिट यांनी नामिबियात अनेक वर्षे कथा गोळा करून १९८९ मध्ये खोइसान कथांची मोठी सूची सिद्ध केली. तीवरून दिसते ते हे की परकी कथा आणि देशी कथा इथे एकाच सांगणाऱ्याच्या तोंडी शेजारी शेजारी नांदतात. परकी कथा नामाच्या तोंडी आली की तिच्यात तिथले रान येते, तिथली भूक येते. कुठे धागा संपतो आणि कुठे दुसरा सुरू होतो हे कापड विणल्यावर सांगता येत नाही. ते ज्याने अंगावर घेतले त्याचे.

कागदावर कुणाचे नाव?

तोंडी गोष्टींचे पुस्तक झाले की एक नवा प्रश्न उभा राहतो. विल्हेल्म ब्लेक हा जर्मन भाषापंडित केपटाउनला सर जॉर्ज ग्रे यांच्या ग्रंथसंग्रहाचा ग्रंथपाल होता. त्याने मिशनऱ्यांना पत्रे धाडून स्थानिक कथा मागवल्या. नामांच्या मुलखातील क्रोनलाइन या मिशनऱ्याने पाठवलेल्या कथांच्या आधारे ब्लेकने १८६४ मध्ये लंडनहून पुस्तक काढले. त्याचे नाव, मराठीत सांगायचे तर, 'दक्षिण आफ्रिकेतील रेनार'. पुस्तक ज्या लोकांच्या कथांचे, त्यांचा कोल्हा शीर्षकातच युरोपीय झाला! मी वर्गाला सांगितली ती सापाची कथा याच पुस्तकात आहे. दगडाखाली सापडलेल्या सापाला एक माणूस सोडवतो, साप त्यालाच डसायला निघतो. तरसाकडे न्याय मागितला तर तो म्हणतो, डसला तर काय बिघडले? शेवटी कोल्हा म्हणतो, साप दगडाखाली अडकला होता हे मी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मानणार नाही. साप पुन्हा दगडाखाली जातो आणि तिथेच राहतो. आपल्या ब्राह्मणाच्या जागी नामा सांगणाऱ्याने कोणाला ठेवले आहे? 'गोऱ्या माणसाला'. भाबडेपणाने संकटात सापडलेला गोरा, आणि त्याला अक्कल शिकवणारा रानातला कोल्हा. सांगणारा मनात हसत असेल का?

ब्लेकचे पुढचे काम अधिक मोठे. १८७० पासून त्याने आणि त्याची मेहुणी ल्यूसी लॉइड हिने केपटाउनच्या तुरुंगात ठेवलेल्या सान कैद्यांना घरी आणून त्यांची भाषा आणि कथा उतरवून घेतल्या. गुन्हा काय, तर गुरे चोरली. ज्या रानात शिकार उरली नव्हती तिथे. त्यांतला एक काब्बो, ज्याच्या नावाचा अर्थ स्वप्न. शिक्षा संपल्यावरही तो गोष्टी सांगण्यासाठी राहिला, पण मनात एकच आस होती, घरी जाऊन आपल्या माणसांत बसून दुरून येणाऱ्या गोष्टी ऐकण्याची. या वह्यांची पाने बारा हजारांहून अधिक आहेत. ती भाषा आज कोणी बोलत नाही. वह्यांत मात्र सांगणाऱ्यांची नावे आहेत.

इथे आपल्या मुलखाशी एक धागा जुळतो. बार्टल फ्रियर १८६२ ते १८६७ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. १८६५-६६ च्या हिवाळ्यात त्यांची मुलगी मेरी त्यांच्याबरोबर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर आली. तंबूतल्या मुक्कामात करमणूक म्हणून तिने आपल्या आयेला गोष्टी सांगायला लावल्या आणि त्यांचे पुस्तक १८६८ मध्ये प्रसिद्ध केले. ब्राह्मण आणि वाघाची गोष्ट त्यात आहे, सिंहाला विहिरीत प्रतिबिंब दाखवणाऱ्या कोल्हा-कोल्हीचीही आहे. त्या आयेचे नाव अ‍ॅना लिबेराता डि'सोझा. तिच्या आजोबांचे घराणे मूळचे लिंगायत, गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झालेले. पुस्तकाच्या सुरुवातीला मेरीने तिची जीवनकहाणी तिच्याच तोंडून दिली आहे, नावानिशी. १८७७ मध्ये हेच फ्रियर केपचे गव्हर्नर म्हणून गेले आणि १८८० पर्यंत तिथे राहिले. ब्लेक १८७५ मध्येच वारला होता. भेट हुकली, पण एकच राजघराणे, एकच नोकरशाही आणि दोन टोकांना दोन आया, एकच गोष्ट सांगणाऱ्या, हे चित्र मनातून जात नाही.

केपच्या आयेच्या वाट्याला अ‍ॅनाचे भाग्य आले नाही. ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचा सर्व्हेअर जनरल असलेल्या फॉन विलिख याने आफ्रिकान्स भाषेत प्राणिकथांचे संग्रह काढले. हॉटेंटॉटांनी सांगितल्याप्रमाणे, एवढा उल्लेख शीर्षकात आला. १९१४ मध्ये सानी मेटेलेरकाम्प हिने इंग्रजीत 'ओउता कारेलच्या गोष्टी' लिहिल्या. त्यात म्हातारा गडी चुलीपाशी बसून धन्याच्या लेकरांना गोष्टी सांगतो. पुस्तक देखणे आहे. पण ओउता कारेलला स्वतःची नातवंडे आहेत की नाहीत, त्यांना तो कोणत्या गोष्टी सांगतो, हे पुस्तकाला विचारावेसे वाटत नाही. पुढे १९४० च्या दशकापासून हॉनीबॉल या व्यंगचित्रकाराने याकाल्स आणि वोल्फ यांच्या चित्रकथा काढल्या आणि ही जोडी घरोघर पोहोचली. तिथवर सांगणारा पार पडद्याआड गेला होता.

भाषा आणि बाक

भाषेचेही तसेच झाले. १४ ऑगस्ट १८७५ रोजी पार्ल या गावी काही शिक्षक आणि धर्मोपदेशकांनी आफ्रिकान्सच्या अभिमान्यांची संस्था काढली आणि १८७६ पासून त्या भाषेत वृत्तपत्र चालवले. इंग्रजांच्या राज्यात आपली बोली हिणवली जाते हे त्यांचे दुःख खरे होते. आपल्यासारख्या दोन भाषांच्या कडेवर राहणाऱ्यांना ते समजू शकते. पण त्यांनी तिला गोऱ्यांची भाषा म्हटले. ज्या मदरशांत गुलामांच्या नातवंडांना धर्मशिक्षण मिळे तिथे हीच आफ्रिकान्स अरबी लिपीत त्याच काळात लिहिली जात होती. अबू बक्र एफेंदी या विद्वानाचा तशा लिपीतला धर्मग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. अभिमानाच्या इतिहासात त्याला फार काळ पान मिळाले नाही.

१९२५ मध्ये आफ्रिकान्स राजभाषा झाली. १९४८ मध्ये वर्णभेदाचे सरकार आले. मग याकाल्सची गोष्ट ज्या ओउताने सांगितली त्याच्या नातवाला, गोष्ट ऐकणाऱ्या धन्याच्या नातवाच्या शेजारी शाळेच्या बाकावर बसायला कायद्याने बंदी झाली. एकच भाषा, एकच कोल्हा, आणि दोन शाळा. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत काळ्या मुलांनी मोर्चा काढला, तो गणितासारखे विषय आफ्रिकान्समधून सक्तीने शिकवण्याविरुद्ध. पोलिसांनी गोळीबार केला, शाळकरी मुले मेली. ज्या भाषेचा जन्म परक्या लोकांनी एकमेकांना समजून घेण्यासाठी केलेल्या धडपडीत झाला, ती भाषा मुलांच्या अंगावर काठीसारखी उगारली गेली. शिक्षक म्हणून मला या इतिहासातले हे पान सर्वांत जड जाते. भाषा प्रेमाने दिली तर मूल दोन काय, चारही घेते. सक्तीने दिली तर आईची भाषाही त्याला परकी वाटू लागते.

१९९४ नंतर ते राज्य गेले. १९९६ च्या संविधानात आफ्रिकान्स अकरा राजभाषांपैकी एक झाली. आज ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत. गुलामांच्या आणि खोइखोईंच्या वंशजांनी आता ती आपली म्हणून उघड सांगायला सुरुवात केली आहे. याकाल्सही त्यांच्याबरोबर घरी परत येतो आहे.

तात्पर्याविना

एक गोष्ट मात्र मला बराच काळ खटकत होती. आपण मुलांना गोष्ट सांगतो ती तात्पर्यासाठी. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये सख्खन पंडितांनी केलेले इसापनीतीचे भाषांतर, 'बालबोध मुक्तावली', छापले गेले. मराठी मुद्रणाच्या अगदी पहाटेचे हे पुस्तक, तेही महाराष्ट्राबाहेर, आणि तेही प्राण्यांच्या गोष्टींचे. तेव्हापासून 'तात्पर्य' हा शब्द आमच्या बाळबोध पुस्तकांना चिकटला तो कासवाच्या पाठीवरच्या लेपासारखा. याकाल्सच्या गोष्टीला तात्पर्य कुठले लावणार? खोटे बोला, मित्राला फसवा, कामचुकारपणा करा? निरपराध वोल्फ मार खातो आणि चोर मिशीवर ताव देतो.

पुष्कळ विचारानंतर मला वाटू लागले की या गोष्टी कोण सांगतो हे पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. चुलीपाशी बसलेल्या आयेसमोर दोन मुले आहेत असे समजा: एक धन्याचे, एक तिचे. तळे खणणारे कोण आणि हुकूम सोडणारा सिंह कोण, हे तिच्या मुलाला सांगावे लागत नाही. कोसळत नसलेल्या कड्याला खांदा देऊन ताटकळत उभा राहिलेला सिंह पाहून दोन्ही मुले हसतात, पण एकाच कारणाने नव्हे. आणि उन्हात झोपून उठलेला वोल्फ, ज्याच्यावर दुसऱ्याची चोरी लादली गेली आणि ज्याने ती खरी मानली, त्यालाही ती ओळखत असेल. ज्याला उघड बोलता येत नाही तो गोष्ट सांगतो. तिला तात्पर्य नसते, कारण तात्पर्य उच्चारले असते तर सांगणारीच्या पाठीवर चाबूक पडला असता. हा माझा कयास आहे, पण मुलांत आयुष्य घालवलेल्या माणसाचा कयास.

परवा पुन्हा त्या वर्गावर गेलो. त्या मुलीने उठून विचारले, "सर, मग ती गोष्ट कुणाची ते सांगितलेच नाही तुम्ही." मी म्हटले, "आज घरी गेल्यावर अज्जीला विचार, तिला ती कुणी सांगितली. त्यांचे नाव लिहून आण. प्रत्येकाने आणा."

दुसऱ्या दिवशी वहीचे कागद आले. कुणाची पणजी, कुणाच्या शेतावरचा म्हातारा गडी, कुणाच्या आईला लहानपणी सांभाळणारी शेजारीण. त्यांतल्या निम्म्यांची मातृभाषा त्या घराची नव्हती. काही कागदांवर नाव नव्हते, फक्त 'ठाऊक नाही' असे लिहिले होते. ते कागदही मी फाइलीत नीट लावून ठेवले आहेत.